टाळूतला सुळा आणि पुण्यातले तीन दिवस

शुक्रवार : नांदेड, पण ते नव्हे

नांदेडला जायला आम्हा परभणीकरांना फार तर दीड तास लागतो. मी रात्रभर बसने बरोबर उलट्या दिशेला गेले आणि सकाळी साडेआठला नांदेडमध्येच अडकले. पुण्यात सिंहगड रस्त्याला नांदेड नावाचं एक गाव आहे, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुढे डंपर, मागे शाळेची बस, मध्ये आमची रिक्षा. सहज बोलायचं म्हणून मी रिक्षावाल्याला म्हटलं, "अहो, मी नांदेडच्याच बाजूची."

तो मागे वळलासुद्धा नाही. "मग रस्ते माहीत असतील. सांगा, कुठून काढू?"

परभणीचा रिक्षावाला असता तर कुणाकडे आलात, किती दिवस राहणार आणि तिकडे पाणी कसं आहे, हे तिन्ही एका दमात विचारून मोकळा झाला असता. 

मी दात सरळ करणारी डॉक्टर आहे. आमच्या शाखेला दंतव्यंगोपचार म्हणतात. पण पाटीवर तो शब्द लिहिला तर लोक त्यात 'वांग' वाचून समोरच्या त्वचारोगवाल्यांकडे जातात, म्हणून मी "वेड्यावाकड्या दातांसाठी तारा" असं लिहिलंय. पुण्याला निघाले ते एका परिषदेसाठी. विषय होता "संशोधन रोजच्या दवाखान्यात कसं आणावं". शीर्षक वाचलं आणि त्याच क्षणी नाव नोंदवलं. इतक्या घाईने मी साडीसुद्धा घेतलेली नाही.

घाईला कारण होतं. माझ्याकडे ऋतुजा नावाची अकरा वर्षांची मुलगी येते. तिचे वरचे दोन्ही पक्के सुळे खाली यायचे सोडून हाडाच्या आत टाळूकडे वळलेत, आणि त्यांच्या जागी दुधाचे सुळे घट्ट बसलेत. प्रश्न असा, की दुधाचे सुळे आताच काढून टाकले तर आतले सुळे आपण होऊन वाटेला लागतात का? की उगाच मुलीचे दोन दात काढल्याचं पाप? कॉलेजात आम्हाला एक उत्तर शिकवलं होतं, पण त्यालाही आता वीस वर्षं होत आली. तिचे वडील गजानन एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. मी त्यांना पाऊण तास समजावलं. ते शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय म्हणायलेत ते कळना गेलंय मला. काढायचे का थांबायचं, एवढं सांगा."

सांगितलं असतं. पण त्यावरचा प्रत्येक नवा लेख कुलूपबंद, भरमसाट पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. आठ ओळींचा सारांश तेवढा फुकट दिसतो आणि त्याची शेवटची ओळ ठरलेली असते : याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे. हे मी गजाननना कसं सांगणार?

परिषद पुण्यात असं पत्रिकेवर छापलं होतं. प्रत्यक्षात ती खडकवासल्याच्या धरणाच्याही पुढे, पाण्याकाठच्या एका हॉटेलात होती. दारात एक पिशवी मिळाली. तिच्यात टूथपेस्ट, पेन आणि माहितीपत्रकं. माहितीपत्रकांत संशोधन शून्य, चकचकीत दात मात्र भरपूर. उद्घाटनाची समई एसीच्या झोतात पेटेना. पाच मान्यवर पाच काड्या घेऊन वाकलेले, आणि निवेदिका सहाव्यांदा म्हणतेय, "ज्ञानाचा हा दीप आता प्रज्वलित होत आहे." अखेर एसी बंद केला तेव्हा दीप प्रज्वलित झाला आणि आम्ही घामाघूम.

पहिलं व्याख्यान मुख्य वक्त्यांचं. ते या टाळूतल्या सुळ्यांवरचे मोठे अभ्यासक. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, सर म्हणते. सरांनी पडद्यावर एक तक्ता लावला. अक्षरं मोहरीएवढी. "मागच्या लोकांना वाचता येणार नाही, त्याबद्दल क्षमस्व," असं म्हणून ते पुढच्या तक्त्याकडे वळले. तोही तसाच, क्षमाही तीच. मी दुसऱ्या रांगेत होते आणि मलाही वाचता येत नव्हतं. मग लावले कशाला?

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला. ऋतुजाची हकीकत तीन वाक्यांत सांगितली आणि विचारलं, "सर, काढू की थांबू?"

"छान प्रश्न," सर म्हणाले. "केसवर अवलंबून आहे."

"केसमधल्या कशावर?"

"ते माझ्या लेखात सविस्तर आलंय."

"लेख उघडत नाही, सर."

"मग मला मेल करा."

"तीन केले, सर. गणपतीपासून."

सभागृह हसलं. सरही हसले. निवेदिका म्हणाली, "या खेळीमेळीच्या वातावरणात आपण चहासाठी थांबू या." संशोधन रोजच्या दवाखान्यात आणण्याचं पहिलं सत्र असं खेळीमेळीत संपलं.

चहाच्या रांगेत माझ्या मागे एक मुलगी उभी होती. तन्वी तिचं नाव. इथल्याच एका कॉलेजात आमच्याच विषयाचं पुढचं शिक्षण घेणारी. ती हळूच म्हणाली, "मॅम, मेल सरांना नाही टाकायचा. ते बिझी असतात. बाहेरच्या ऑथरला डिरेक्ट टाकायचा. कुणीतरी विचारेल म्हणून ते लिटरली वाट बघत असतात."

"आणि ते लेख पाठवतात?"

"फुकट. वर थँक यू म्हणतात."

"हे व्यासपीठावरून का नाही सांगत कुणी?"

तन्वीने खांदे उडवले. "मॅम, मग कॉन्फरन्स कशावर घेणार?"

जेवणात पांढऱ्या सॉसमधला पास्ता होता. धरणाच्या पाण्यासमोर बसून मी त्याचे दोन घास खाल्ले आणि ताट ठेवून बाहेर पडले. रस्त्यावर ओळीने पाल टाकून बायका कणसं भाजत होत्या, पिठलं-भाकरी विकत होत्या. एका पालाखाली सावली बघून बसले. "गरम हाय, बसा निवांत," बाई म्हणाल्या. भाकरी तांदळाची, पातळ, पांढरीशुभ्र. आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ती मला नेहमीच आजारी वाटते, पण पिठलं असं झणझणीत होतं, की नाकातोंडातून पाणी आलं आणि सकाळपासूनचा राग जरा वाहून गेला. गळ्यातली परिषदेची नावाची पट्टी बघून बाईंनी विचारलं, "डाक्टरीन हाय का तुमी?" हो म्हटल्यावर त्यांनी सरळ आ केला. मोबाईलच्या उजेडात मी त्यांची खालची दाढ बघितली. तीन दिवसांत मी तपासलेला हा एकमेव पेशंट. दाढ वाचण्यासारखी आहे, उगीच काढू देऊ नका, मुळावर उपचार होतो, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे काढायची न्हाई. बास, समजलं." एका वाक्यात समजलं. मला हेवा वाटला. नक्की कुणाचा, ते कळेना.

शुक्रवार संध्याकाळ : वारजे

मी उतरले होते शबानाकडे. शबाना तांबोळी माझी कॉलेजची मैत्रीण. वारज्यात तिचा साध्या दंतवैद्यकीचा दवाखाना आहे आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर घर. घरात ती आणि तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळ्या मैत्रिणी पहिल्यापासून अब्बाच म्हणतो. अब्बांनी बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. शालेय पुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिका, सरकारी अहवाल, सगळ्यांतल्या चुका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सवय गेली नाही. मी आणलेली परिषदेची पत्रिका त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "यात 'दैनंदिन' चार वेळा आलाय. चारही वेळा चुकीचा लिहिलाय."

जेवायला शबानाने मेथी-गोश्त केलं होतं आणि माझ्यासाठी मुद्दाम ज्वारीची भाकरी. मी दिवसभराचं गाऱ्हाणं सांगत होते, ती ताट वाढत होती.

"अगं, तू अजून चिडतेस तरी," शबाना म्हणाली. "मी जाणंच बंद केलंय. माझ्याकडे रोज दोन-चार मुलं येतात. कुणाला तुझ्यासारखीकडे पाठवायचं आणि कुणाला नाही, एवढंच मला पाहिजे असतं. ते कुणी सांगत नाही. मग मी अंदाजाने पाठवते."

"आणि अंदाज चुकला तर?"

"तर काय. तुलाच शिव्या." ती हसली, पण तिचंही हसू फार टिकलं नाही.

जेवण झाल्यावर मी तन्वीने सांगितलं तसं केलं. याच सुळ्यांवर लिहिणाऱ्या, बाहेरच्या देशातल्या एका लेखिकेला चार ओळींचा मेल टाकला. अपेक्षा काहीच नव्हती.

शनिवार : बुधवार पेठ

सकाळी चहा घेताना फोन पाहिला तर लेख येऊन पडला होता. सोबत लेखिकेचं दोन ओळींचं पत्र. तुमची पेशंट बरी होवो, प्रश्न असतील तर जरूर विचारा. मी वर्षभर ज्या कुलपाशी झटापट करत होते, ते एका झोपेत उघडलं. आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला, की चहा सांडला.

लेख सरळ नव्हताच. पानामागून पानं पद्धतीची, कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, कोण मध्येच सोडून गेलं. मुद्दा शेवटून दुसऱ्या पानावर, एका परिच्छेदाच्या पोटात. दोनदा वाचल्यावर कळलं ते एवढंच : मूल दहा ते तेरा वर्षांचं असेल आणि सुळा फार आडवा गेला नसेल, तर दुधाचा सुळा काढल्यावर आतला सुळा आपण होऊन येण्याची शक्यता वाढते. खात्री नाही. एक्स-रे काढून लक्ष ठेवावं. वर्षभरात फरक पडला नाही तर नुसती वाट बघत बसू नये.

परिषदेच्या पहिल्या सत्राला हजेरी लावली. एका कंपनीचा माणूस दात लवकर हलवणाऱ्या यंत्राबद्दल बोलला. पुरावा विचारला तेव्हा त्याने एका हसऱ्या मुलीचा फोटो दाखवला. मी पिशवी उचलली आणि वारज्याला परत आले. रविवारी समारोपाआधी "कुणीही यावं, पाच मिनिटं बोलावं" असं एक सत्र होतं. त्यात नाव घातलं होतं मी, रागाच्या भरात. माझ्या लॅपटॉपला पडद्याशी जोडणारी वायर नव्हती, आणि शबाना म्हणाली वायर बुधवार पेठेतच मिळेल. अब्बा सोबत निघाले. बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मला दिली आणि वाटेभर दुकानांच्या पाट्यांमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत राहिले.

वायरच्या दुकानात मी विचारलं, "या लॅपटॉपची लहान पिन मिळेल का?"

"लहान म्हणजे?" दुकानदार म्हणाले. "इथे सगळंच लहान आहे, दुकानासकट."

मी लॅपटॉप दाखवला. त्यांनी तो उलटा केला, पाहिला, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी त्याला उपाशी ठेवलंय. वायर मात्र अचूक दिली. "चालली नाही तर परत आणू?" असं विचारल्यावर म्हणाले, "चालेल. तुम्ही लावाल तिथे चालेल की नाही, ते तुम्ही बघा."

अप्पा बळवंत चौकात मला आणखी एक खूळ सुचलं. दातांच्या वेड्यावाकडेपणावर मराठीत काही पुस्तक आहे का, पालकांसाठी, नाहीतर साध्या डॉक्टरांसाठी? तीन दुकानांत विचारलं. तिसऱ्या दुकानातल्या आजोबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "दातांवर मराठीत? दंतकथा आहेत. चालतील?"

अब्बा एवढे खूश झाले, की त्यांनी त्या आजोबांशी हात मिळवला. मी फुटपाथवर उभी. त्या अख्ख्या चौकात, जिथे बालवाडीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत सगळ्याची गाइडं मिळतात, तिथे गजाननसाठी एक पान नव्हतं. ती गंमत नव्हती. मी अब्बांना तसं म्हटलंसुद्धा, जरा तुसडेपणाने.

"मग लिहा की," अब्बा म्हणाले. "पान एकच पाहिजे ना तुम्हाला? बसू या संध्याकाळी."

दगडूशेठच्या देवळापासची गर्दी चुकवत आम्ही परत बस पकडली.

संध्याकाळी शबानाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. मी तासाभरात पान लिहून अब्बांपुढे ठेवलं. त्यांनी लाल पेन उघडलं.

"'उत्स्फूर्त उद्गमनाची संभाव्यता वर्धित होते,'" त्यांनी वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

शबाना तोंड फिरवून हसायला लागली.

"दात आपोआप बाहेर येण्याची शक्यता वाढते, असं म्हणायचंय ना? मग म्हणा." त्यांनी तसं लिहिलं. "किती वाढते?"

"नक्की नाही सांगता येत, अब्बा. मुलागणिक बदलतं."

"मग 'नक्की सांगता येत नाही' असं लिहा."

"डॉक्टरने असं छापायचं?"

"मी सरकारी अहवाल तपासलेत, बेटा. 'माहीत नाही' लिहायला लोक लाजतात म्हणून अहवाल जाड होतात."

शबाना मध्येच म्हणाली, "आणि माझ्यासारखीला काय करायचं, ते कुठाय? मी दाराशी पहिली बसलेय. पोरगं आधी माझ्याकडे येतं." ते खरं होतं. म्हणून आम्ही सगळ्यात वर साधी गोष्ट घातली : मूल दहा वर्षांचं झालं की वरच्या हिरडीवर, दुधाच्या सुळ्याच्या वर बोट फिरवून बघा. दोन्ही बाजूंना फुगवटा लागला पाहिजे. लागत नसेल तर एक्स-रे काढा. हे घरीही करता येतं.

अब्बा शेवटच्या ओळीशी थांबले. वर्षभरापेक्षा जास्त वाट बघू नये, असं मी लिहिलं होतं आणि खाली तीन रेघा मारल्या होत्या. कागद फाटायला आला होता.

"ही ओळ एवढी रागाने का लिहिली?"

मी सांगणार नव्हते. पण सांगितलं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे स्नेहल नावाची मुलगी यायची. तिचाही सुळा असाच आत होता. मी तिच्या आईला म्हटलं, येईल, थांबू या. सहा महिन्यांनी म्हटलं, थांबू या. दीड वर्षाने एक्स-रे काढला तेव्हा त्या सुळ्याने शेजारच्या पुढच्या दाताचं मूळ खाऊन टाकलं होतं. चांगला, पांढरा, सरळ दात, आणि आत मूळच नाही. तो गेला. बाहेर कुठेतरी, कुठल्यातरी कुलूपबंद लेखात, इतकं थांबू नका असं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. तिची आई मला एक शब्द बोलली नाही. संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन आली. त्या वड्यांचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शबानाने गॅस बंद केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. अब्बांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. त्यांनी पेनाने त्या ओळीभोवती गोल केला आणि वर जाणारा एक बाण काढला.

"मग ही खाली कशाला? वर घ्या," म्हणाले. "आणि रेघा पुसा. वाक्य सरळ असलं की रेघा लागत नाहीत."

रविवार : पुन्हा खडकवासला

सकाळी वारज्याच्या चौकात पानाच्या शंभर प्रती काढल्या. रविवार असल्यामुळे अख्खं पुणं खडकवासल्याला भजी खायला निघालं होतं आणि मी त्यांच्यात अडकले होते. पोचले तेव्हा सत्कार सुरू होता. आयोजकांचा वक्त्यांकडून, वक्त्यांचा आयोजकांकडून, मग समितीचा, मग उपसमितीचा. शाल, श्रीफळ, फोटो. शाल, श्रीफळ, फोटो. परभणीत आम्ही सत्कार जेवणाआधी उरकतो, कारण भूक लागली की लोक भाषण कापतात. इथे जेवण आधीच झालं होतं.

माझ्या पाच मिनिटांची दोन झाली. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "परभणीहून आलेल्या आपल्या भगिनी अगदी थोडक्यात." नवी वायर लावली. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. मी तसाच लॅपटॉप मिटला आणि कागद वाटायला लागले. तन्वी उठून मागच्या रांगांना देत गेली. दोन मिनिटांत मी पान मोठ्याने वाचून दाखवलं. बस.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सर उठले.

"हे अतिसुलभीकरण आहे," ते म्हणाले. "असं एका पानावर आणलं की बारकावे जातात. आणि मराठीत? उद्या पेशंट येऊन आपल्यालाच विचारतील."

तीन दिवस आतल्या आत उकळत होतं ते वर आलं. पण आश्चर्य म्हणजे आवाज चढला नाही. "विचारू देत, सर," मी म्हटलं. "यात चूक काय आहे, ते तेवढं दाखवा. मी इथेच दुरुस्त करते."

सरांनी बहुधा चूक शोधायलाच चष्मा काढला, खिशातला दुसरा लावला आणि पान वाचलं. एकदा, मग पुन्हा. निवेदिका घड्याळाकडे बघत होती.

"जागा," सर म्हणाले. "दाटी असेल तर काय? सुळ्याला खाली यायला जागाच नसेल, तर नुसता दुधाचा दात काढून उपयोग नाही. आधी जागा करावी लागते. हे तुम्ही घातलेलंच नाही."

नव्हतं घातलं. लेखात ते एका तक्त्याखालच्या टिपेत होतं आणि मी ते ओलांडून गेले होते. ऋतुजाच्या जबड्यात उजव्या बाजूला जागा कमी होती. मला माहीत होतं, तरी या दोन गोष्टी मी एकत्र आणल्या नव्हत्या.

"लिहून द्याल का, सर?"

त्यांनी माझ्याच पेनाने दोन ओळी लिहिल्या. अक्षर चांगलं होतं. मराठीही. कागद परत देताना हळू आवाजात म्हणाले, "माझं नाव घालू नका," आणि विमानाची वेळ झाली म्हणून निघून गेले.

मी कागद हातात धरून उभी राहिले. तीन दिवस, पाच मान्यवर, एक समई आणि मोहरीएवढ्या अक्षरांचे ढीगभर तक्ते. आणि त्या सगळ्यातलं जे मला हवं होतं, ते लिहायला त्या माणसाला अर्धं मिनिट लागलं. पहिल्याच दिवशी माईकवर सांगितलं असतं तर! त्यांचे आभार मानायला हवेत, हे कळत होतं. मानले नाहीत.

बाहेर आले तेव्हा सात-आठ जणांनी मला अडवलं. पुण्याचे थोडे, बाकी औसा, इंदापूर, वाई अशा गावांचे. साधे दंतवैद्य. त्यांना सरांनी लिहिलेल्या ओळींचा फोटो हवा होता. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, असंच एक पान मूल किती वर्षांचं असताना तारा लावाव्यात, यावर करा." मी म्हटलं, "तुम्ही करा." त्यांचा चेहरा पडला. तीन दिवसांचा पुणेरीपणा अंगात भिनला होता, दुसरं काय. मग मी त्यांचा नंबर घेतला आणि म्हटलं, "बरं, मिळून करू."

त्या संध्याकाळी अब्बांनी सरांच्या ओळी बसवून पान पुन्हा लिहून दिलं. सरांच्याही वाक्यातला एक शब्द त्यांनी कापला होता.

परभणी

पुढच्या आठवड्यात गजानन ऋतुजाला घेऊन आले. मी बोलले नाही. पान दिलं आणि म्हटलं, आधी वाचा. ते ओठ हलवत वाचत होते. ऋतुजा त्यांच्या कोपराखालून वाचत होती आणि तिचं आधी संपलं.

"म्हणजे काढायचे," गजानन म्हणाले. "पण उजवीकडं आधी जागा करायची. आणि येतीलच असं नाही."

"हो."

"हे मागच्या खेपेला सांगायलता का तुम्ही?"

"जागेचं सोडून बाकी तेच सांगत होते."

"मग असं सांगायचं ना," ते म्हणाले, आणि यात पुणेरी असं काहीच नव्हतं. माणूस खरोखरच हळहळला होता.

उजवीकडे जागा करायला तार लावली, मग दुधाचे दोन्ही सुळे काढले. आता हे लिहिताना त्याला वर्ष होत आलंय. डावा सुळा वाटेला लागला. गेल्या महिन्यात त्याचं टोक हिरडीतून दिसायला लागलं. उजवा मात्र हलला नाही. शेजारच्या दाताचं मूळ शाबूत आहे, पण अजून थांबायचं नाही. छोटी शस्त्रक्रिया करून तो तारेने खाली ओढावा लागेल. एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावून मी गजाननना हे सांगताना शब्द जुळवत होते. त्यांनी मला अडवलं.

"उजवा आला नाही. असं होऊ शकतं म्हणून लिहिलंच होतं की मॅडम. ऑपरेशन कधी करायचं ते सांगा."

मी तारीख सांगितली. ऋतुजाने परीक्षेनंतरची मागितली आणि मिळवली. मग गजानन उठता उठता थांबले.

"अजून एक पान आहे का तुमच्याकडं? आमच्या वर्कशॉपात शेख म्हणून आहेत. त्यांची पोरगी दहा वर्षांची. काल जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझं पान वाचलं, घरी जाऊन पोरीच्या हिरडीवर बोट फिरवून बघितलं. डावीकडं फुगवटा लागना गेलाय म्हणाले. उद्या घेऊन येऊ का?"